दात पडायच्या वयातला माउथगार्ड

मंडळी, आज सकाळी हडपसरच्या मैदानावर हॉकीचा चेंडू माझ्या नऊ वर्षांच्या सईच्या तोंडावर आदळला. ओठ फुटला, पण नुकतेच आलेले पुढचे दोन्ही दात शाबूत राहिले. तिने दातांवर बसवायचा माउथगार्ड घातला होता.

तो घेताना नवरा म्हणाला होता, "दात अजून पडताहेत, सगळे आले की घेऊ."

दातांच्या डॉक्टर मात्र तेव्हा म्हणाल्या होत्या, "अहो, तोवर चेंडू थांबणार आहे का? गरम पाण्यात मऊ करून बसवायचा घ्या. नवा दात आला की पुन्हा बसवता येतो. सैल वाटला तर बदला."

आज मैदानावरून घरी येताना सई सुजल्या ओठांनी विचारत होती, "आई, उद्या प्रॅक्टिसला जायचं ना?"

जाणारच! तुमची मुलं काय घालून खेळतात?