मधोमध एकच माईक

“हे नेटला जोडतंय का?” धोंडिबा आबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही आबा.”

“आन् कुणी लांबून जोडलं तर?”

“जोडायला सोयच नाहीये त्याला. हा बघा मागच्या बाजूचा फोटो. बघा नीट.”

आबांनी कॅटलॉग डोळ्यांपाशी धरला, मग लांब धरला, मग माझ्याकडे बघितलं. फोटोपेक्षा माझ्यावरच त्यांचा संशय जास्त होता.

मी बत्तीस वर्षं पुण्यातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत मेन्टेनन्स इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर कासार आंबोलीला राहायला आले. तेव्हापासून घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला कुठलं मशीन घेऊ, हे विचारायला लोक येतात. बहुतेक सगळे आयटीवाले. लॅपटॉप आहे ना, मग तोच वापरा, म्हणून मी त्यांची बोळवण करते. कॉम्प्युटर नकोच, ही अट घालून आलेले आबा पहिलेच. खरं सांगते, मला आधी वेगळीच शंका आली. चोरून कुणाचं बोलणं बिलणं टेप करायचं नाही ना? मी तसं विचारलंही.

आबांनी कपाळावर हात मारला. “चोरी आमची झालीय बाई, आन् तुमी आमालाच चोर म्हंताय!”

आबा जवळच्या माले गावचे. घरची मेंढरं, थोडं भात, आणि बिरोबाची ओवी. ओवी एकट्याने होत नाही. एक जण पुढे गातो आणि दुसरा ओळीचं टोक पकडून उचलून धरतो, त्याला झील म्हणतात. आबांची झील चाळीस वर्षं त्यांचा मावसभाऊ मारुती धरायचा. आदल्या वर्षी एका वीकेंड बंगलेवाल्या साहेबाने दोघांना घरी बोलावलं, चहा पाजला, तोंडभर कौतुक केलं आणि लॅपटॉपवर गाणं भरून घेतलं. पुढे आबांची मुलगी संगीता, ती हिंजवडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे, तिला ते कुणाच्या तरी मोबाईलवर ऐकू आलं. आवाज आबांचा, खाली ढिशूम ढिशूम बीट, आणि नाव साहेबाचं.

“नाव त्याचं, ते जाऊ द्या,” आबा म्हणाले. “पर मारुतीला पार कापून टाकला त्यानं. जसा काय तो तितं नव्हताच.”

आता मारुतीच्या घशात गाठ निघाली होती. बारा दिवसांनी ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार होते. नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. त्याआधी ओवी भरून ठेवायची, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या घरात. म्हणजे माझ्याकडे बारा दिवस होते आणि मारुतीकडेही तेवढेच.

मी आणि संगीता पुण्यात दुकानात गेलो. आम्हाला हवा होता मल्टिट्रॅक रेकॉर्डर. मिसळणाचा डबा असतो ना, तसं ते मशीन. प्रत्येक आवाज आपापल्या वाटीत. नंतर हवा तो वाढवता येतो, कमी करता येतो, काढूनही टाकता येतो. कॉम्प्युटर लागत नाही, सगळं एका कार्डावर साठतं.

“मॅडम, हा घ्या. आठ ट्रॅक!” दुकानदार म्हणाला.

“एका वेळी किती माईक घेतो?”

“आठ ट्रॅक आहेत मॅडम.”

“वाट्या नाही विचारल्या मी. एका वेळी किती चमचे घालता येतात?”

त्याने मशीन उलटंपालटं केलं. “दोन.”

घरी मशीन घेणारे नव्वद टक्के लोक इथेच फसतात. खोक्यावर आठ लिहिलेलं असतं आणि भोकं असतात दोन. एकटा माणूस एकेक वाद्य भरत बसणार असेल तर ते चालतं. मला निदान चार हवी होती.

दुसरं मशीन चांगलं होतं, पण मोबाईलवरून चालायचं. संगीतानेच मान हलवली. “आबा त्याला हात बी लावणार न्हाईत.”

तिसरं मी टेबलावर ठेवलं, रेकॉर्डिंग चालू केलं आणि भिंतीतला प्लग उपटला.

“अहो, काय करताय!” दुकानदार ओरडला.

“माल्याची लाइट अशीच जाते. न सांगता.”

मशीन बंद पडलं. पुन्हा लावलं तर फाइल गायब. चौथ्याचा प्लग उपटला, तर ते गुपचूप आतल्या सेलवर गेलं आणि चालू राहिलं. तेच घेतलं. चार माईक, आठ ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकला एक बारीक लाल दिवा, तो पेटला की त्या वाटीत आवाज पडतोय.

ऑपरेशनला पाच दिवस असताना मी माल्याला गेले. दुपारची वेळ. मेंढरं रानात, पंखा बंद. मारुती घोंगडीवर बसला होता. आवाज घोगरा झालेला, पण त्याने “आबा, काढ की” म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. गळा अजून शाबूत होता.

मी योजना सांगितली. दोघांना एकेक माईक, दोन आवाज दोन ट्रॅकवर. स्टुडिओत असंच करतात.

आबा उठूनच उभे राहिले. “म्हंजे माजा येगळा आन् मारुतीचा येगळा?”

“हो. म्हणजे नंतर...”

“नंतर कुणी आलं तर मारुतीला पुसून टाकील की! त्या सायबानं दुसरं काय केलं?”

ज्या सोयीसाठी मी अख्खं दुकान पालथं घातलं, तिच्यातली मेख या माणसाने अर्ध्या मिनिटात पकडली होती.

“एकच माईक लावा. मधोमध. आमी दोगं असं मिसळून ऱ्हाऊ की कुणाच्या बाला येगळं करता येऊ नये. न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

“बरं,” मी म्हणाले.

मधोमध एक माईक लावला. पण बत्तीस वर्षांची खोड. एका माईकवर भरवसा ठेवायचा आणि त्यानेच दगा दिला तर? मारुती काही पुन्हा गाणार नव्हता. दोघांच्या पुढ्यात, जरा बाजूला, मी आणखी एकेक माईक ठेवला.

“हे काय?” आबांनी लगेच विचारलं.

“जादा आहेत. बंद आहेत ते.”

बंद नव्हते. मशीनवर तीन लाल दिवे लागले होते. त्यांच्यावर मी माझी वही ठेवली.

तासभर दोघं गायले. मारुती मधे तीनदा पाणी प्यायला. एकदा त्याचा आवाज फाटला, तेव्हा आबांनी ओळ लांबवली आणि त्याला श्वास घ्यायला जागा दिली. बाकी काही मी सांगत नाही, मला जमणार नाही.

शेवटी मी दोन जादा ट्रॅकची बटणं तळाला ओढली, वर चिकटपट्टी लावली आणि “याला हात लावू नका” असं बजावलं. कार्ड आबांच्या हातात दिलं. माझ्याकडे कॉपी ठेवली नाही, एवढं तरी पाळलं.

अडीच महिन्यांनी तिघं मशीन घेऊन माझ्या दारात. आबा, संगीता आणि मारुती. मारुतीच्या गळ्याभोवती पांढरं फडकं होतं. मी “या” म्हटलं, तर त्याने नुसते हात जोडले.

“कारड चालंना,” आबा म्हणाले.

मशीनवर ‘कार्ड एरर’. माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. “डुप्लिकेट कार्ड गळ्यात मारलंत ना?” तो शपथा घेत होता आणि मी ऐकत नव्हते. बोलता बोलता कार्ड उन्हात धरलं. सोनेरी पट्ट्यांवर पिवळी पूड.

“आबा, हे कुठं ठेवलं होतं?”

“भंडाऱ्याच्या पिशवीत. देवापाशी. तितं कोण हात घालतंय?”

देवाच्या हळदीत! दुकानदाराची माफी मागितली, फोन ठेवला, आणि खोडरबर घेऊन पट्ट्या हलक्या हाताने घासल्या. तीनदा एरर आला. चौथ्यांदा ओवी लागली. मारुतीने मांडीवर ताल धरला.

ऐकून झाल्यावर आबा मशीनजवळ सरकले. मग चाचरत म्हणाले, “बाई, ह्यातला नुसता मारुतीचा आवाज निघंल का? मला त्याच्यासंगं गायचंय. झीलच न्हाई तर म्या गाऊ कसा?” मग स्वतःच मान हलवली. “न्हाई निघायचा. म्याच म्हनलं व्हतं, एक माईक.”

मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. खरं सांगितलं तर त्या साहेबात आणि माझ्यात फरक काय उरणार होता?

“निघेल,” मी म्हणाले. “ते दोन माईक बंद नव्हते. मी खोटं बोलले.”

संगीता ताडकन उभी राहिली. “मॅडम, तुमीसुदिक?”

चिकटपट्टी काढली, सगळं बंद करून फक्त मारुतीचा ट्रॅक वर केला. खोलीत मारुतीची झील आली, एकटी. मारुतीचा मांडीवरचा हात थांबला. त्याने फडक्यावरून गळ्याला हात लावला आणि तो रडायला लागला. आवाज न करता, कारण आवाज नव्हताच. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच, माझ्या हॉलमध्ये, त्या झिलेला जोडून ओवी उचलली.

गाऊन झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

“माजा बी येगळा हाय का ह्यात?”

“आहे.”

“त्यो पुसा. माज्यासमोर. मारुतीबिगर माजा आवाज कुटं नगं.”

मी पुसला. त्यांनी स्क्रीनवर ट्रॅक रिकामा झालेला संगीताकडून दोनदा वाचून घेतला. मग मारुतीचा ट्रॅक पुन्हा लावायला सांगितला आणि कान देऊन ऐकला. त्यात मागून, भिंतीपलीकडून यावा तसा, त्यांचाही आवाज येत होता. दोन माणसं एका खोलीत गायली की एवढं मिसळतंच.

“ह्यो पुसता येतो का?”

“नाही आबा. हा कुणालाच काढता येणार नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या,” आबा म्हणाले. दारात चपला घालताना थांबले. “वही कशाला ठिवली व्हती, ते मला तवाच इचारायचं व्हतं. पर मारुती गायला बसला व्हता.”

तेव्हापासून मशीनबद्दल विचारायला कुणी आलं की मी सांगते, ट्रॅक किती ते विचारू नका, एका वेळी किती माईक घेतं ते विचारा. प्लग उपटून बघा. कार्ड हळदीत ठेवू नका. आणि रेकॉर्डिंग करणारा माणूस माईक बंद आहे म्हणाला, तर मशीनवरची वही उचलून बघा.