हॅम्बर्गात किती हप्ते

अर्जातला सातवा रकाना नऊ दिवस कोरा होता. बाकीचे सगळे मी एका बैठकीत भरले होते. सातव्यात विचारले होते, विणकर किती आठवडे राहू शकेल? खाली बारीक अक्षरात छापले होते: किमान दोन, कमाल सहा.

अर्ज माझ्या वडिलांचा होता. सत्तरच्या दशकाचा तो मध्य. आम्ही नागपुरात तांडापेठेत राहत होतो आणि पुढच्या खोलीत आमचा माग होता. जमिनीत मांडीपर्यंत खोल खड्डा, विणकर त्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली पावड्यांवर, म्हणजे दाबायच्या फळ्यांवर, ठेवतो, तसला. वडील त्यावर नागपुरी लुगडी विणत. हॅम्बर्ग शहरातल्या एका पाच मजली दुकानात भारतीय मालाचे प्रदर्शन भरणार होते. तिथे लोकांसमोर बसून विणायला एक माणूस हवा होता आणि हातमाग खात्याने वडिलांचे नाव सुचवले होते. माग खात्याचा, तो सुटा करून जहाजाने जाणार होता. वडील विमानाने. मी एका मराठी दैनिकात सहा महिन्यांपूर्वी उमेदवार उपसंपादक म्हणून लागलो होतो. घरात इंग्रजी येणारा मी एकटाच, म्हणून अर्ज माझ्याकडे आला.

"दोन लिही," वडील म्हणाले. "एका लुगड्याले सहा दिवस. दोन लुगडे, बारा दिवस. दोन हप्त्यात काम खतम. मंग तिथं काय बसून राहू?"

आई कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात, आडवा धागा घेऊन ये-जा करणाऱ्या लाकडी ठोकळ्यात, बसवायची सुताची लहान गुंडाळी. विणकराला ती सतत भरून द्यावी लागते आणि आमच्या गल्लीत ते काम बायकांचे होते. ती मान वर न करता म्हणाली, "सहा लिही."

"काहून वं? मले घराबाहेर काढून राहिली का?"

"घराच्या नाही. मागाच्या."

वडील हसले. आई हसली नाही. तेव्हा त्यांना कळले की ती थट्टा करत नाही.

तिचे माहेर पवनीचे. भाऊ नव्हता, चार बहिणी होत्या. बाराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत ती वडिलांच्या जोडीने विणत असे. आमच्याकडे आली तेव्हा घरात एक माग आणि एक विणकर होता. तिच्या वाट्याला चरखा आला. त्याला तेवीस वर्षे झाली होती. मला हे सगळे माहीत होते, पण माहेरची एक हकिकत म्हणून माहीत होते. तिला अजून विणायचे आहे, हे मला त्या दिवशी कळले.

"मले एक लुगडं इनाचं हाय," ती म्हणाली. "पुरं. हात बसाले एक हप्ता जाईन. सैपाक, पानी, कांड्या, सारं मलेच हाय. सहा हप्ते लागतीन."

वडिलांनी बराच वेळ फणीवरचे सूत पुसले. मग म्हणाले, "बस ना. पन मी आलो का माग मोकळा पायजे. अर्धं राहिलं तर मी कापून काढीन. तुया हाताचं मी पुरं करनार नाही."

हे बोलणे बाहेरच्याला कठोर वाटेल. विणकरांत ती साधी रीत होती. फणीने आडवा धागा ठोकून घट्ट बसवतात आणि प्रत्येकाचा तो ठोका वेगळा असतो. एक जोरात ठोकतो, दुसरा हलक्याने. एकाने सुरू केलेले वस्त्र दुसऱ्याने पुरे केले तर जिथे हात बदलला तिथे पोतात आडवी रेघ दिसते आणि व्यापारी बोट नेमके तिथेच ठेवतो. म्हणून लुगडे एका हाताचेच असावे लागते. आईला ते सांगण्याची गरज नव्हती. ती म्हणाली, "म्हनूनच सहा म्हनलं."

बातमी गल्लीत गेली. शेजारचे म्हातारे विणकर, ज्यांना वडीलही काका म्हणत, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले.

"तिथं भात भेटते का गा?"

"भेटते म्हनते खात्याचे साहेब," वडील म्हणाले.

"दोन हप्त्याची भाकर-चटनी बांधून नेता येते. सहा हप्त्याची नेशीन तर इमानात तुयाजवळ कोनी बसनार नाही." मग दाराकडे वळून आईला म्हणाले, "अवं, सहा हप्ते धाडशीन तर मडमा पाहीन ना तो!"

"पाहू द्या ना काका," आतून उत्तर आले. "एखादीले कांड्या भरता येत असन तर घेऊन या मनाव."

काका खोकला येईपर्यंत हसले. रकाना कोराच राहिला.

कार्यालयात मला शिकवले जात होते की आकडा लिहिण्याआधी तो कुठून आला ते विचारावे. वडिलांचा दोनचा आकडा कुठून आला ते मला ठाऊक होते: तांडापेठेतल्या दिवसातून. आमच्याकडे विणकर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसतो. हॅम्बर्गचे दुकान किती वाजता उघडते, हे कोणी विचारलेच नव्हते. मी हातमाग खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी फाइल काढून नियम वाचून दाखवला. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, एवढेच विणायचे. शनिवारी फक्त सकाळी. रविवारी दुकान बंद.

घरी येऊन मी पाटीवर हिशेब मांडला. वडिलांचे सहा दिवसांचे लुगडे तिथे जवळजवळ तीन आठवड्यांचे होत होते.

"चार घंटे?" वडिलांनी पुन्हा विचारले. "बाकीचा दिवस मानूस करते काय तिथं?"

प्रश्न रास्त होता आणि मलाही तोच पडला होता. एखाद्या शहरात नेमके किती दिवस राहिले म्हणजे पुरे, हे ठरवायचे कसे? आमच्या ओळखीत युरोपात राहून आलेला एकच माणूस होता. कोराडीच्या वीज केंद्रात तो टर्बाइनवर इंजिनिअर होता आणि प्रशिक्षणासाठी काही महिने जर्मनीत होता. पुढच्या रविवारी मी वडिलांना घेऊन बसने कोराडीला गेलो. त्याच्या अंगणातल्या जास्वंदीच्या पानांवर राखेचा थर होता. त्याच्या बायकोने खुर्च्या पुसल्या आणि मग आम्हाला बसवले.

"पहिले तीन दिवस माणूस इमारती पाहतो," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी मोजे कुठे वाळवायचे ते शोधतो. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी एक जण, पाववाला म्हणा, ट्रामवाला म्हणा, आपणहून मान हलवतो. तिथून पुढे शहर दिसायला लागतं."

"म्हंजे तीन हप्ते राहून आलो तर काही पाहिलंच नाही?" वडील.

"इमारती पाहिल्या."

त्याने हॅम्बर्गही एकदा पाहिले होते. तिथे नदीच्या खालून एक बोगदा जातो आणि मोटारी लिफ्टमध्ये चढवून खाली उतरवतात, असे त्याने सांगितले. वडील खुर्चीच्या कडेला सरकले.

"नदीच्या खालून? वरून पानी टिपकत नाही?"

"मी गेलो तेव्हा नाही टिपकलं."

"आन लिफ्टले वढते कोन?"

ह्या प्रश्नावर अर्धा तास गेला. इंजिनिअरने कागदावर चित्र काढले. परतताना ते चित्र वडिलांच्या हातात होते आणि बसमध्ये त्यांनी ते दोनदा उलगडले. मानकापूर आले तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चार लिही. एकच लुगडं, तीन कामाचे. एक हप्ता शहर पाहीन."

आईला सहा हवे होते. चार ऐकून ती एवढेच म्हणाली, "दोनापेक्षा बरं." त्यांनी तो जादा आठवडा बोगद्यासाठी घेतला की तिच्यासाठी दिला, हे मी विचारले नाही. दोघांनाही एक कारण मिळाले होते आणि रकाना भरला गेला.

वडील मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. त्यांच्या लुगड्याच्या सगळ्या कांड्या आईने आधीच भरून एका डब्यात बंद केल्या होत्या. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती खड्ड्यात उतरली.

पहिला आठवडा तिने सांगितल्याप्रमाणे हात बसण्यात गेला. पाय लवकर आठवले, हात उशिरा. धोटा दोनदा निसटून माझ्या पुस्तकांवर आदळला. गल्लीतल्या बायका काही ना काही मागायला येत आणि उभ्या राहून पाहत. एकीने विचारले, "पाय दुखत नाही का वं?" आई म्हणाली, "दुखते ना. पन चरख्यावर पाठ दुखत होती. तेवढाच बदल." मार्च संपता संपता हवा कोरडी झाली आणि सूत तुटू लागले. ती खड्ड्यात पाणी शिंपडून उजाडायच्या आत बसे आणि ऊन चढले की उठे. म्हणजे तिचाही दिवस चार-पाच तासांचाच झाला.

तिसऱ्या आठवड्यात तिने दिव्याजवळ लुगड्याची रुंदी बोटांनी मोजली. डावा काठ आत ओढला जात होता, म्हणून वस्त्र बोटभर अरुंद झाले होते. कोणाला दिसले नसते. तिने दीड हात विणलेले उसवले. विणण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो. त्यात तिचे तीन दिवस गेले.

तेवढ्यात वडिलांचे पत्र आले. ते चौथीपर्यंत शिकले होते आणि पत्र कमी लिहीत, पण हे चार पाने होते. दुकानात गरम हवा सोडतात, त्याने पहिले दोन दिवस सूत तुटले. मग त्यांनी खुणेने बादलीभर पाणी मागितले. दुकानवाल्यांना वाटले, प्यायला हवे. वडिलांनी ते गोणपाटावर ओतून मागाखाली पसरले तेव्हा एक माणूस फडके घेऊन दिवसभर शेजारी उभा राहिला. खड्डा नाही म्हणून माग चौथऱ्यावर बसवला आहे, त्यामुळे लोक हातांपेक्षा पायांकडे पाहतात. बोगदा पाहिला. पाणी टिपकत नाही. एक म्हातारी रोज दुपारी येऊन बसते. तिने दुपारीच येणाऱ्या दुभाष्यामार्फत विचारले की या कांड्या कोणी भरल्या. घरवालीने, असे सांगितले. ती का आली नाही, असे तिने विचारले.

शेवटी कामाचे होते. गर्दी चांगली आहे म्हणून दुकानवाले आणखी दोन आठवडे राहा म्हणतात. मागावर चढवायच्या उभ्या सुताचा जादा ताणा खात्याने पाठवलेला आहे, तो लावता येईल. कांड्या मात्र संपतील, त्या स्वतः भराव्या लागतील. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. "तार कर. माग मोकळा झाला का, तेवढं कळव."

पत्र मी दोनदा मोठ्याने वाचले. राहू की नको, असे त्यांनी कुठेही विचारले नव्हते. आईने लुगडे हाताने मोजले. अठरा हातांपैकी साडेसात व्हायचे होते. ठरल्या तारखेला वडील आले असते तर ते पुरे होणे शक्य नव्हते.

"लिही," ती म्हणाली. "माग मोकळा नाही. राहा."

कार्यालयात तारेतला प्रत्येक जादा शब्द कापायला मला शिकवले होते. मी म्हणालो, नुसते 'राहा' लिहिले तरी अर्थ पोचतो.

"नाही. दोनी लिही. काहून राहाचं ते त्याइले समजलं पायजे."

दोन्ही वाक्ये इंग्रजीत करून मी तार केली. आईने वडिलांना काही करायला सांगितल्याचे मी त्याआधी ऐकले नव्हते. निदान आज्ञार्थात नाही.

वडील एप्रिलच्या अखेरीस परतले. हातपाय धुऊन ते आधी मागाकडे गेले. मागावर नवा ताणा चढवलेला होता आणि वीतभर विणूनही झाले होते.

"हे काय वं? मोकळा पायजे म्हनलं होतं."

"केला होता ना मोकळा. दोन दिवस होता. तुम्ही आले नाही."

"माया ताणा कुठं लावू मी?"

"सहा हप्ते लोकाच्या गावाले राहून आले. आनखी थोडं थांबा."

मग तिने घडी केलेले लुगडे आणून पुढ्यात ठेवले. वडिलांनी ते ओट्यावर उजेडात नेले आणि पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्याने चाचपले. एका ठिकाणी थांबले.

"इथं उसवलं होतं."

"हो."

"रेघ नाही," ते म्हणाले आणि पुढे सरकले.

नव्या ताण्यावर दोन लुगडी निघणार होती. ते वस्त्र आईच्या हाताचे होते, म्हणून ते पुरे होईपर्यंत वडिलांना त्यावर बसता येत नव्हते आणि रीत त्यांचीच होती. पाच दिवस ते गल्लीत बोगद्याचे चित्र दाखवत हिंडले. सहाव्या दिवशी त्यांनी मी झोपायचो ती मागची खोली मापली. दुसऱ्या मागाचा खड्डा खणायला दोन दिवस लागले. जागा पुरत नव्हती, म्हणून माझी खाट ओट्यावर गेली.