मी आणलेला मामा

माझ्या आईला दोन भाऊ होते. एक तिच्या आईबापांनी दिलेला आणि दुसरा मी आणलेला.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमचं गाव नेकनूरच्या शिवेला लागून, इतकं लहान की परमुलखात कुणी विचारलं तर आम्ही सरळ 'नेकनूर' सांगून मोकळे व्हायचो. माझं नुकतंच लग्न झालं होतं, सुगी उरकली होती, आणि माझ्या दोन दोस्तांना, किसनला आणि नामाला, एकाएकी हैदराबाद बघायची हुक्की आली. किसन एकदा जालन्यापर्यंत जाऊन आगगाडी पाहून आला होता, त्यामुळं पुढारीपण आपोआप त्याच्याकडं गेलं. नामाचा स्वभाव चौकस. त्याला प्रत्येक गोष्टीचं 'कावून', म्हणजे 'का', लागायचं. आम्ही त्याला गप्प बसवायचो.

सफर करायची ती स्वस्तात, एवढं पक्कं होतं. भाकरी घरून न्यायची, झोपायला देवळाचा ओटा शोधायचा. आईनं हे ऐकलं आणि चुलीपुढून उठून आली.

"देवळात कशाला? तुझा मामा हाय की तिथं. बेगम बाजारात."

मी चाट पडलो. मला मामा आहे हे मी ऐकून होतो, पण आमच्या घरात त्याचं नाव निघत नसे. मी पाळण्यात असताना आजोबा वारले, तेव्हा आईचं आणि त्याचं काहीतरी वाजलं, आणि त्यानंतर तो फिरकला नाही.

"गणपतराव म्हणून विचार," आई म्हणाली. "दुकानात हिशेब लिहितो. हे तूप दे, हे डिंकाचे लाडू दे. आन म्हणावं, अक्कानं सगळं सोडलं. आता तू बी सोड."

हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, तुपाच्या बरणीला फडकं बांधत होती. गाठ बांधून झाली तरी ती बांधतच राहिली.

जालन्याच्या स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीपुढं मुंग्यांसारखी माणसं. किसन त्यात घुसला आणि घामानं भिजून विजयी मुद्रेनं परत आला.

"किती स्वस्त पडलं म्हनतूस," तो म्हणाला. "मानूस ओळखीचा लागतो."

"कोण ओळखीचा हाय तुझा?" नामानं विचारलं.

"आता झाला की."

(खरा प्रकार असा, की त्या गर्दीत किसनच्या तोंडून 'हैदराबाद'मधला फक्त 'बाद' आतल्या बाबूपर्यंत पोचला होता. आणि जालन्याहून दोन्ही दिशांना 'बाद' आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.)

गाडीत आम्ही बेहद्द खूश होतो. पण जेवायची वेळ व्हायच्या आत एक मोठं स्टेशन आलं आणि निम्मा डबा उतरू लागला. मी खिडकीतून पाटी पाहिली. मी शाळेत उर्दूचं पहिलं पुस्तक शिकलेलो. उर्दू उजवीकडून वाचतात हे मला चांगलं माहीत होतं, पण घाईत मी डावीकडून सुरुवात केली. 'आबाद' एवढं लागलं.

"उतरा," मी हुकूम सोडला. "हैदराबाद आलं."

"इतक्या लवकर?" नामा म्हणाला. "लोक तर म्हनतात रातभर बसावं लागतं."

"लोक पायी गेले असतील," किसन म्हणाला.

बाहेर टांगेवाला उभा होता. मी माझी ठेवणीतली दखनी काढली. "बेगम बाजार जाना है. गणपतरावके घरकू."

"बेगमपुरा?" टांगेवाला म्हणाला. "बैठो."

"बाजार, बाजार," नामा म्हणाला.

"अरे मियाँ, बाजार बी वहींच है. बैठो."

आता एक गोष्ट मला आजही नवलाची वाटते. एखाद्या गावात तुम्ही दोन-दोन दिवस काढले तरी तिथलं कुणी तुम्हाला त्या गावाचं नाव सांगत नाही. टांगेवाल्यानं सांगितलं नाही, पानवाल्यानं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण आम्हाला ते माहीत होतं.

बेगमपुऱ्यात दुसऱ्याच माणसानं बोट दाखवलं. "गणपतराव ना, हिशेबवाले? ते काय घर." मी कडी वाजवली. एका गोल चेहऱ्याच्या, पिकल्या मिशांच्या माणसानं दार उघडलं.

"मी तुमचा भाचा," मी म्हणालो. "नेकनूरकडून आलो. अक्कानं पाठवलंय."

ते गृहस्थ दाराची चौकट धरून उभे राहिले. मग माझ्या हातातल्या बरणीकडं पाहिलं.

"अक्कानं?" ते म्हणाले. "तिनं स्वतः?"

"म्हणाली, मी सगळं सोडलं. तू बी सोड."

आणि त्यांनी मला असं छातीशी धरलं की बरणी आमच्या दोघांच्या मधे अडकली. आतून मामी आल्या, त्यांनी डोळे पुसले, किसन आणि नामानंही पुसले. मामा मधूनच "कशी हाय रे गोदी आता" असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, आईचं माहेरचं नाव गोदी असणार. लग्नात नावं बदलतात, आणि आईचं माहेर आमच्या घरात कुणी बोलत नसे. नामा माझ्या कानाशी लागला, "तुझ्या आईचं नाव तर यमुना." मी म्हणालो, "ते सासरचं, बे."

दोन दिवस आमची चैन झाली. मामी पुरणावरणाचं वाढायच्या आणि आम्ही शहर बघायचो. पहिल्याच दिवशी किसननं आम्हाला चारमिनारला नेलं. घरापासून चालत जाण्याजोगा. मोठी बाग, मधे पांढरीशुभ्र इमारत, वर घुमट.

"चार मिनार मोजा," किसन म्हणाला. आम्ही मोजले. बरोबर चार होते. याहून पुरावा काय पाहिजे?

"पण आत तर कबर हाय," नामा म्हणाला.

"मग मिनार कशाला बांधले असतील? कुणाच्या तरी आठवणीतच ना?"

दुपारी एक पाणचक्की पाहिली. पुढं हौद, हौदात मासे. किसन म्हणाला, हाच हुसेनसागर.

"सागर? एवढाच?"

"मोठा असतो तो समुद्र. हा बादशाही हाय, बेताचा."

संध्याकाळी चौकात बायकोसाठी बांगड्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "लो, खास हैदराबाद का माल है, कल ही आया." बाहेर आल्यावर किसन हसून म्हणाला, "इथंच बनवतात आन म्हने आला." त्या दुकानदाराची लबाडी आम्ही रात्री जेवताना मामांना सांगायचं ठरवलं होतं, पण मामांनीच वेगळा विषय काढला.

"मी येतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले. "तिनं एवढं पाऊल उचललं, आता मी घरी बसू काय? आमच्या मालकाची दमणी बीडकडं निघालीय, तिच्यातून जाऊ. रेलच्या तिकिटाचा खर्च नको."

खर्च नको म्हटल्यावर आम्ही तिघंही एकदम कबूल झालो. फक्त नामा झोपताना म्हणाला, "हैदराबाद ते बीड, बैलाच्या गाडीनं?"

"रेल वळसा घालून जाती," किसन म्हणाला. "ही सरळ वाट."

मामांनी येताना बहिणीसाठी हिरवं लुगडं घेतलं होतं. वाटेत ते घडी मांडीवर घेऊन बसायचे आणि दर थोड्या वेळानं विचारायचे, "तिला हिरवा आवडतो ना रे अजून?" मी म्हणायचो, "लई."

शहागडला गोदावरी आली. दमणी नावेवर चढली तरी मामा आत झोपलेलेच होते. नावाडी आमच्याकडं बघून हसला. जाताना त्यानंच आम्हाला उतरवलं होतं.

"झालं का जालना बघून?"

"जालना कसलं," किसन म्हणाला. "हैदराबाद करून आलो."

"मग जालन्याची वाट सोडून इकडून कावून आलात? ही वाट तर औरंगाबादेची."

आम्ही तिघं आलेल्या वाटेकडं वळून बघू लागलो. नाव निम्म्या पात्रात आली तेव्हा किसन हळूच म्हणाला, "म्हंजे आपण औरंगाबाद बघितलं, पण हैदराबादच्या हिशेबानं." मग तिघांनीही एकदमच दमणीकडं पाहिलं. आत ते गृहस्थ, लुगड्यावर हात ठेवून, तोंड उघडं टाकून झोपले होते.

"ते कोण मग?" नामा म्हणाला.

"सांगून टाक त्यांना," किसन मला म्हणाला.

"तू सांग. तिकिटं तू काढलीस."

"पाटी तू वाचलीस."

गेवराई गेलं, बीड गेलं. सांगायला मी तोंड उघडलं की ते आधीच विचारायचे, "तिचे केस पिकले असतील, न्हाई?" आणि मी पुन्हा तोंड मिटायचो. असं करत दमणी आमच्या दाराशी येऊन थांबली.

दिवस मावळत होता, तोंडं नीट दिसत नव्हती. आई बाहेर आली. तिनं दमणीतून उतरणारं पागोटं पाहिलं आणि हातातलं सूप तिथंच टाकून धावली.

"गणू!"

"अक्का," ते म्हणाले, आणि खाली वाकले. आईनं त्यांना उठवलं, तोंडावरून हात फिरवला. "किती जाड झालास रे. शहराचं पाणी मानवलं." दोघंही ढसाढसा रडली. शेजारणी जमल्या, त्याही रडल्या. माझी बायको दाराआडून रडत होती. गावात त्या घडीला कोरड्या डोळ्यांची माणसं तीनच, आणि ती तिन्ही बैलांच्या आडोशाला उभी होती.

"माझंच चुकलं, अक्का," ते म्हणाले. "ती चिंच मी तोडायला नको होती."

"जाऊ दे रे. मी बी त्या म्हशीपायी हट्टाला पेटले."

"कुठली म्हैस?"

"बाबांची. मुऱ्हा. कुठली चिंच?"

"परड्यातली. आपल्या."

"आपल्याला परडं कुठं होतं?"

दोघं एकमेकांकडं निरखून बघू लागली. मग दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी बैलाच्या शिंगाचा रंग बघत होतो.

"दत्तू," आई म्हणाली, "हे कोण?"

"गणपतराव."

"कुठले?"

"औरंगाबादचे."

"तुला कुठं धाडलं होतं?"

मी बैलाच्या आणखी आड सरकलो. ते गृहस्थ ओट्यावर बसले. लुगड्याची घडी मांडीवर होती आणि तिचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. मला वाटलं, माझ्या कानाखाली वाजवतील तर बरं होईल. पण ते लुगड्याचे काठ नीट करत बसले, आणि मला पहिल्यांदा खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"तुमची अक्का कुठं दिलीय?"

"नेकनूरला. गोदावरी."

"म्हंजे कोसावर. मग असं तोंड कावून पाडलंत? एवढ्या लांबून तिच्यासाठीच निघालात ना? उद्या सकाळी मी येते संगं."

"तिनं कुठं बोलावलंय," ते म्हणाले. "ते तर तुम्ही बोलावलं होतं. ती दार उघडल का?"

"मी उघडलं की आत्ता," आई म्हणाली. "चला, हात-पाय धुवा."

सकाळी आम्ही नेकनूरला गेलो. आई पुढं, ते मागं, आणि मी त्यांच्याही मागं, सावधपणे. गोदाबाईंनी दार उघडलं, भावाकडं पाहिलं, आणि त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की पागोटं खाली पडलं. मग तेच पागोटं उचलून, झटकून, त्यांच्या डोक्यावर ठेवता ठेवता त्या रडायला लागल्या. आईनं मला बाहेर ओढलं. "चल, आपलं इथं काम न्हाई."

त्या दिवाळीला औरंगाबादचे मामा दोन लुगडी घेऊन आले, आणि पुढं ते तोच रिवाज चालवत राहिले.

ही बातमी व्यापाऱ्यांच्या तोंडातोंडी हैदराबादेत बेगम बाजारापर्यंत गेली. एके दिवशी खरे मामा दारात उभे. सडसडीत, तापट, हातात छत्री.

"म्हशीवरून मला तोडलंस, ते मी सोसलं," ते आईला म्हणाले. "पण माझ्या जागी दुसरा आणून बसवला?"

"तू आला न्हाईस, मग काय करू?" आई म्हणाली. "पाट मांडलाय, बस."

ते बसले. तिसऱ्या पोळीला त्यांचा राग गेला. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हैदराबाद बघायचंय म्हणे तुला. चल, मीच नेतो. एकटा येऊ नकोस."

जालन्याच्या स्टेशनावर मला एका बाकावर बसवून, "इथून हलायचं न्हाई" असं बजावून मामा खिडकीशी गेले. आत बाबूनं विचारलं, किती तिकिटं? मामांनी वळून एकदा माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हा एका मुलाचा बाप होतो.

"एक पूर्ण," ते म्हणाले, "आणि एक अर्धं."