तोंड धुऊन नेलेला कुत्रा

कुत्र्याला दवाखान्यात नेण्याआधी मी त्याचं तोंड लिंबाच्या साबणाने धुतलं. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या रविवारी सकाळी आम्ही बायकांनी शेजारणीच्या घरामागची मडकी फोडली होती. गडचिरोली जिल्ह्यात दारू बंद आहे, पण मोहफुलं वाळत पडलेली नाहीत असं घर आमच्या गावात सापडायचं नाही. शेजारीण त्यांचा सडवा घालायची, म्हणजे फुलं आणि गूळ पाण्यात आंबवायची, आणि मग दारू गाळायची. मी शाळेतली बाई, शिवाय दारूबंदी समितीची अध्यक्ष, त्यामुळे पहिली काठी माझी. "गावाले विष पाजून राह्यली तू!" असं मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. सडवा तिथेच कुंपणापाशी ओतला आणि घोषणा देत घरी आलो. खड्डा करून पुरायला हवा होता. तेवढी अक्कल आमच्यातल्या एकीलाही सुचली नाही.

दुपारी कुत्रा झोकांड्या खात अंगणात आला. दोनदा ओकला आणि पाय पसरून पडला. तोंडाला आंबूस वास येत होता. मला लगेच कळलं. नवरा म्हणाला, "दवाखान्यात खरं सांगजो." पण अध्यक्षबाईंचा कुत्रा दारू पिऊन पडला, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! म्हणून साबण.

गडचिरोलीपर्यंत तासाभराचा रस्ता. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नऊ वर्षं हा कुत्रा शाळेच्या फाटकापर्यंत माझ्यामागे यायचा आणि सुटेपर्यंत तिथेच बसून राहायचा. आता हाक मारली तर कानसुद्धा हलवत नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यात बराच वेळ बसावं लागेल अशी माझी समजूत होती. पण परिचराने एक नजर टाकली आणि रांगेतल्या दोन शेळ्या मागे ठेवून आम्हाला आत घेतलं. कुत्रा टेबलावर गेला. वजन झालं, ताप मोजला, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. आणि प्रश्न सुरू झाले. कधीपासून? काय खाल्लं? किती? ओकला का?

"माहीत नाही," मी म्हणाले. चारही प्रश्नांना तेच.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"अंग थंड पडलंय. श्वास मंद आहे. साप चावला असेल तर प्रतिविष द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "एकच बाटली आहे. आणि साप चावला नसताना दिलं, तर ते याला उलटूही शकतं." ते खाली वाकले आणि थबकले. "तोंडाला साबणाचा वास कसा काय?"

साबण प्याला असेल तर वेगळे उपाय, असं काहीसं ते परिचराला सांगू लागले आणि मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. मडकी, काठी, कुंपण, साबण. बाहेरच्या शेळीवाल्यांनाही ऐकू गेलं असणार.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "नुसता सडवा असेल तर आशा आहे," ते म्हणाले. "पण त्यात नवसागर, युरिया असलं काही टाकलं होतं का? जिने घातला तिला विचारा. आत्ता."

तिचा नंबर माझ्याकडे होता. अंबाडीची भाजी झाली की ती फोन करायची. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. टेबलावर कुत्र्याची छाती वर यायची, थांबायची, आणि मीही श्वास धरून थांबायची. तिसऱ्यांदा आवाज आला.

"आता काय फोडाचं राह्यलं, म्याडम?"

"काकू, माह्या कुत्र्यानं तो सडवा खाल्ला. मरून राह्यला तो. त्यात काय टाकलं होतं, सांगा. पोलिसाले नाई सांगत मी. पाया पडतो तुमच्या."

तिला काय काय म्हणता आलं असतं!

"मोहफूल अन् गूळ," ती म्हणाली. "नवसागर नाई, युरिया नाई, काईच नाई. माह्या घरचा बुढा बी तेच पेते, बाई. कुत्र्याले थंडं पडू देऊ नका."

मी तिचे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी ग्लुकोजचं सलाईन लावलं, गरम पाण्याच्या बाटल्या पोटाशी ठेवल्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला आणि आम्हाला बाहेर बसवलं. ते बसणं फार वाईट. शेळीवाले काही विचारत नव्हते, हे त्यांचे उपकार. दोनेक तासांनी परिचराने आत बोलावलं. कुत्र्याने डोळे किलकिले केले, मला पाहून शेपटी एकदा टेबलावर आपटली आणि तिथेच मुतला. एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

दिवस बुडायच्या आत गावात पोचलो. शेजारीण कुंपणाशी उभी होती.

"वाचला का?"

"वाचला."

"मंग ते मडक्याचे तुकडे उचला आता. पोरं इकडूनच जातेत शाळेत, पायाले लागन त्याईच्या."

दारूबंदी हवी, हे माझं मत आजही बदललेलं नाही. पण त्या संध्याकाळी मी टोपलं घेऊन तिच्या घरामागे गेले, आणि शेवटची खापरी उचलेपर्यंत मान वर केली नाही.