चहाआधीचा शब्द

आमच्या घरी सकाळचा चहा फुकट मिळत नसे. स्वयंपाकघराच्या दाराशी एक छोटा फळा टांगलेला होता. बाबा त्यावर रोज एक अवघड इंग्रजी शब्द नाहीतर वाक्प्रचार लिहायचे आणि त्याचा वाक्यात उपयोग केल्याशिवाय कप हातात पडायचा नाही. बाबा बँकेत होते. तिथे या शब्दांचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, पण लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तसे ते शब्द जमवायचे. अप्पा बळवंत चौकातून जुने शब्दकोश आणायचे, आणि ‘सरेप्टिशस’सारखा एखादा सापडला की दिवसभर खुशीत असायचे. माझी चिडचिड व्हायची. परीक्षेच्या दिवशीसुद्धा सूट नसे.

सूट फक्त आईला होती. ती मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजीशी तिचा संबंध बेताचाच. “चहा मीच करते, मला कसली अट घालता,” असं तिने एकदा सुनावलं होतं.

मागच्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. शनिवार पेठेतल्या त्या घरात दोघं सकाळपासून एकमेकांना टोमणे मारत असायची. आता तिथे कुकरच्या शिट्ट्यांखेरीज काही ऐकू येईना. मी ऑफिसमधून थेट तिकडे जायचे. एकदा भांडी विसळताना आई म्हणाली, “हे मला नुसतं टाकून बोलले तरी चालेल गं. पण बोलू देत.” मला फार वाईट वाटलं.

मग एका रविवारी आईने दिलेल्या चहाचा बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि स्वच्छ म्हणाले, “टेपिड.”

झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द होता.

“म्हणजे काय गं?” आईने मला विचारलं.

“कोमट.”

आईने कप उचलला आणि चहा उकळून आणला. बाबांनी तो सगळा प्यायला.

स्पीच थेरपिस्टबाई म्हणाल्या, असं कधी कधी होतं, मागाहून शिकलेली भाषा आधी परत येते. मराठी केव्हा येईल, येईल की नाही, हे आत्ता सांगता येणार नाही. तोवर ते ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत त्यांच्याशी बोलत राहा.

आईने ते मनावर घेतलं. रोज सकाळी मला फोन करून ती एक शब्द मागून घेई आणि फळ्यावर देवनागरीत लिही. मी म्हटलं, सोप्या शब्दांपासून सुरुवात कर. “सोपे मला थोडेफार येतात. यांना येत नाहीत,” ती म्हणाली. ते खरंच होतं. बाबांच्या तोंडून ‘वॉटर’ निघत नव्हतं, घशाला कोरड पडली या अर्थाचं ‘पार्च्ड’ निघत होतं. त्यामुळे या वयात आईचं इंग्रजी कळसापासून सुरू झालं. “आज तुझे बाबा कॅन्टँकरस आहेत, नुसती किरकिर, आंघोळच नको म्हणतायत,” असे तिचे फोन येऊ लागले. मार्केट यार्डात आंब्याचा अवाच्या सवा भाव ऐकून ती पटकन ‘एक्झॉर्बिटंट’ म्हणाली, तेव्हा व्यापारी हसला. “मावशी, इंग्लिशमधी बोललं म्हनून भाव कमी न्हाई व्हायचा.”

हे शब्द निव्वळ मिरवायला असतात असं मी इतकी वर्षं मानत आले होते. आता त्या दोघांमध्ये तेवढेच उरले होते. आई नेटाने शिकत होती, पण सुखात नव्हती. “जमतंय गं,” ती मला म्हणाली, “पण आपलाच माणूस पाहुण्यासारखा वाटतो. मराठीतून एक शब्द यावा, एवढंच.”

परवा मी तिथेच मुक्कामाला होते. सकाळी आईने माझ्याकडून ‘इनडिस्पेन्सेबल’ घेतला. ज्याच्यावाचून अजिबात चालत नाही ते, असा अर्थ मी सांगितला. तिने तो फळ्यावर लिहिला आणि कप घेऊन बाबांच्या पुढ्यात उभी राहिली.

“अहो, वाक्यात उपयोग करा. त्याशिवाय चहा नाही.”

बाबा बराच वेळ फळ्याकडे बघत होते. ओठ हलत होते. आई जागची हलली नाही.

“चहा,” बाबा म्हणाले.

‘टी’ नव्हे, चहा. पण आईही पेठेतलीच, लगेच विरघळणारी नव्हे.

“बरं. आणि तो करणारी?”

बाबांनी विचार केल्यासारखं केलं. “तीपण,” ते म्हणाले.

“इतका वेळ लावलात, कोमट झाला की,” आई म्हणाली, आणि कप घेऊन पुन्हा गॅसकडे वळली.