भन्तेजींच्या गावची थाई

नागपुरात आमच्या हुडकेश्वरच्या विहारात एक थाई भन्तेजी राहतात. भोजनदानाची पाळी घराघरांत फिरते. बाईच्या हातून थेट घ्यायचं नाही म्हणून ते समोर पिवळं फडकं पसरतात आणि मी त्यावर डबा ठेवते. शाळेत असल्यापासून मी अशी जात आले, आणि तिथेच ओसरीवर बसून त्यांच्याकडून थाई शिकले. आई बाजूला बसून पेंगायची. माझा एखाद्या शब्दाचा सूर चुकला की भन्तेजी टाळी वाजवायचे आणि पुन्हा म्हणायला लावायचे.

मोठी झाल्यावर मी वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात चिकटले. दिवसभर बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायच्या आणि ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकायच्या. तिथून सुटायचा एकच रस्ता दिसत होता. मनीषनगरच्या एका ट्रॅव्हलवाल्याला थाई यात्रेकरूंसाठी दुभाषी हवी होती. तो म्हणाला, ''एक ग्रुप नीट फिरवून दाखवा ताई, मंग पूरा सीझन तुमचा.''

ग्रुप बँकॉकच्या बायकांचा. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, देवभोळ्या, गोड. दुपारच्या जेवणाला मी मायेने विचारलं, ''सॅप बो?'' म्हणजे, चव आहे ना? त्यांच्या म्होरक्या बाईने चमचा खाली ठेवला आणि मला पुन्हा म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. अख्खं टेबल खिदळलं. मोबाइल निघाले. आता 'आम्ही' म्हण, असं कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, ''हाव.'' त्या म्हणतात 'राव'. एकीला हसून हसून ठसका लागला. मला वाटलं, नागपूरच्या पोरीचं कौतुक चाललंय. म्हणून मी आणखी वाक्यं ऐकवली, वर ओसरीवर पाठ केलेली गावठी म्हणही ऐकवली. मदाऱ्याच्या माकडानेही इतक्या उड्या मारल्या नसत्या. शेवटी म्होरक्या बाईने, मला नीट कळावं म्हणून, सावकाश इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे भांडी घासायला खेड्यातून बाया येतात, त्या असं बोलतात.

संध्याकाळी त्यांना विहारात न्यायचं होतं. मी मनातून खूश होते. म्हटलं, आता भन्तेजी आपल्या गावच्या बोलीत, मला शिकवलं तसंच बोलतील आणि या भवान्यांची थोबाडं बंद होतील. बायकांनी वाकून वंदन केलं आणि भन्तेजी बोलू लागले. 'राव' म्हणाले. पुन्हा 'राव'. एक 'हाव' नाही, एक 'बो' नाही, सगळं घोटीव बँकॉकचं. म्होरकीने माझ्याकडे बोट करून माझी नक्कल केली. भन्तेजी हसले. तिच्यासोबत हसले.

ट्रॅव्हलवाल्याने बाहेरच हिशेब मिटवला. ''आपल्या वऱ्हाडीसारखंच हाय हो ते, ताई. पण कस्टमरले थोडीच वऱ्हाडी पायजे?''

दुसऱ्या दिवशी मी भन्तेजींना गाठलं. ''तुमाले ते बोलणं येत होतं, तं मले काहून नाही शिकवलं?''

ते इथेच शिकलेल्या मराठीत म्हणाले, ''बँकॉकचं शिकवलं असतं तं तू त्याईच्याशी बोलली असती. माह्याशी कोण बोललं असतं?''

मला दया यायला हवी होती. नाही आली. मला हा म्हातारा भयंकर स्वार्थी वाटला, आणि अजूनही वाटतो. त्याला गप्पांना माणूस हवं होतं म्हणून त्याने एक पोरगी घडवली, आणि चारचौघांत तीच पोरगी टाकून दिली. मी आजही वाडीतच बिल्ट्या फाडते.

आमची पाळी मात्र मी चुकवत नाही. मी दिसले की त्यांचा चेहरा फुलतो. त्यांच्या गावच्या बोलीत ते आईची तब्येत विचारतात, आज ऊन किती आहे म्हणतात. विहारात दुसऱ्या कुणालाही त्यातलं अक्षर कळत नाही. मी ऐकून घेते आणि शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत म्हणते, ''क्षमा करा भन्तेजी, मला थाई येत नाही.''