चौदा दिवसांच्या गोळ्या

काउंटरच्या काचेवर दोन बोटांची टकटक झाली की मान वर न करताही ती आल्याचे मला कळे. मग त्याच बोटांनी स्वतःच्या पोटावर ठोकत ती म्हणे, "ताई, पाव्हना उठला बगा. आग पडली पोटात, द्या सोड्याची पुडी."

खर्ड्यात औषधांचे दुकान मी पन्नाशीला टेकल्यावर सुरू केले. गिऱ्हाइकांशी मोठ्याने बोलणे मला अजूनही साधत नाही. तिला मात्र त्याची अडचण नव्हती. ऊसतोडीच्या टोळीत आवाज तयार झालेली बाई ती. दोघींच्या वाटचे तीच बोले.

तिचा थोरला भाऊ पोटाच्या कर्करोगाने गेला होता. "चिरलं, बगितलं, आन तसंच शिवलं," एवढेच ती सांगे. नगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून तिच्या पोटात जंतू असल्याचे सांगितले. तो मारला, तर भावाच्या वाटेने जाण्याचा धोका कमी होईल, असेही बजावले. दसरा उलटून टोळी निघण्याच्या बेतात होती. मी गोळ्यांची पाकिटे बांधून दिली आणि पुटपुटले, "चौदा दिवस. सोडायच्या नाहीत."

उन्हाळ्यात ती परतली, ती टकटक करीतच.

"गोळ्या संपवल्या होत्या ना?"

"समद्या! सातव्या दिशी मला आराम पडला. मंग ऱ्हायलेल्या वाटल्या की. टोळीत आनखी तिघींच्या पोटात आग हुती. येकटीनं खायाचं म्हंजी..."

फडात जेवायला बसलेली टोळी तुम्ही पाहिली असेल. तिथे कांद्याचेही वाटे पडतात. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, उलट चिवट होतो, हे सांगायचे मीच राहून गेले होते.

फेरतपासणी तिने उन्हाळाभर ढकलली. पुन्हा निघण्याच्या तोंडावर ती झाली. जंतू होताच. डॉक्टरांनी औषधे बदलून दिली. या वेळी मी काउंटरच्या बाहेर आले आणि इतक्या मोठ्याने बोलले की मागचे गिऱ्हाईक दचकले. "ह्या एकट्या तुमच्या! त्या तिघींना डॉक्टरांकडे धाडा. आणि रिकामी पाकिटे मला दाखवायची."

"आगं बया, ताईला तोंड हाय की!" ती हसली. मग हळूच म्हणाली, "आन त्या कन्हत असताना मी म्होरं बसून गिळू व्हय?"

मी पाकिटे तिच्या हातात ठेवली.

परवा कारखान्याकडून आलेल्या टेम्पोवाल्याने एक पिशवी माझ्या हाती दिली. आत सगळी पाकिटे होती, शेवटच्या गोळीपर्यंत रिकामी.

"म्हनाली, ताईला सांग, समद्या संपल्या."

"एकटीनेच घेतल्या ना?"

"ते मला काय ठावं, ताई?"

ती पाकिटे मी उलटसुलट करून पाहत राहते. महिन्याभराने पुन्हा तपासणी करायची आहे, आणि हंगाम संपल्याशिवाय टोळी काही परतत नाही. रस्त्यावर टेम्पो थांबला की माझी मान आपोआप वर होते. काचेवर ती टकटक व्हावी असे वाटते. आणि पाव्हना उठला म्हणून होऊ नये, असेही.